वहीतली आबांची सही

६ जुलै ६९, रवि.

हुपरीहून साडेपाचच्या गाडीने परत. पाठ मोडून आली आहे. वही मेणकापडात गुंडाळून छातीशी धरली होती, तरी एक कोपरा भिजलाच. शाई फुटली नाही, नशीब. आजअखेर सह्या १८७.

हुपरीत घरोघरी पैंजणांचं काम. एका घरात बारा माणसं ओळीने बसून कड्या जोडत होती. मी वहीचं पहिलं पान वाचून दाखवलं. भारताचा राष्ट्रपती खासदार-आमदारांनी न निवडता आपण सगळ्यांनी मत देऊन निवडावा, तशी घटनेत दुरुस्ती करावी, असा अर्ज दिल्लीला संसदेकडे धाडायचा आहे, हजार सह्या पाहिजेत. घरमालकाने हात पुसले, पेन घेतलं. "बारा वळी सोडा बाई. समद्यांची मीच करतो."

म्हटलं, तसं चालत नाही.

"का चालत न्हाय? रेशनकार्ड माझ्याच नावावर हाय की."

तेवढ्यात कोपऱ्यातून सून उठली. "माझी मी करतो." सातवी झालेली. नाव लिहिताना जीभ दातांत धरलेली. लिहून झाल्यावर पानाकडे बघत उभी राहिली, सासरा खाकरला तेव्हा परत कड्या जोडायला बसली. मला तिथेच रडू फुटेल की काय वाटलं. कशाचं, माहीत नाही.

म्हातारीने विचारलं, "ह्यो राष्ट्रपती करतो तरी काय?" नऊ वर्षं नागरिकशास्त्र शिकवते आहे. तरी उत्तर देताना माझी त्रेधा.

९ जुलै, बुध.

मुख्या. बाईंनी बोलावलं. गोड आवाज, म्हणजे काहीतरी कडू. "कांबळेबाई, तुमचा उपक्रम चांगला आहे. शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा." बरं म्हटलं. वही आता पिशवीत डब्याखाली असते.

वास्तविक सुरुवात त्यांच्याच शाळेत, माझ्याच वर्गात झाली. राष्ट्रपती मे महिन्यात वारले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववी ब मधल्या एकीने विचारलं, "बाई, नवीन राष्ट्रपतीला आमच्या घरचे मत कधी देणार?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. निर्वाचक मंडळ, अप्रत्यक्ष निवडणूक वगैरे. ती म्हणाली, "म्हणजे देणारच नाहीत." आणि खाली बसली. घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. अजून गेलेलं नाही.

संध्याकाळी आबांपुढे वही ठेवली. घरातल्याच माणसाची, स्वतःच्या वडिलांची, सही नाही आणि मी गावभर हिंडते, हे बरं दिसत नाही. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान बोटाने वाचलं, वही मिटली. भिंतीवरच्या साहेबांच्या फोटोकडे बोट. छप्पन साली नागपूरहून छातीशी धरून आणलेला फोटो.

"घटना कुनी लिवली?"

"साहेबांनी."

"मग त्यात दुरुस्ती करनारी तू कोन?"

म्हटलं, घटनेतच दुरुस्तीची सोय लिहून ठेवली आहे, तीही साहेबांनीच. ऐकलंच नाही. तंबाखूची डबी घेऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

माझंही डोकं फिरलं. भाकऱ्या थापताना दोन करपल्या. त्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.

११ जुलै, शुक्र.

आबांच्या सहीबद्दल लिहून ठेवते, राग जरा उतरला आहे म्हणून.

बावन्न सालच्या पहिल्या निवडणुकीआधी तीन महिने ते गिरणीतून आल्यावर पाटीवर स्वतःचं नाव गिरवत. मत द्यायचं म्हणजे सही लागणार, अंगठा टेकवणार नाही म्हणाले. शिकले. मग त्या दिवशी केंद्रावर गेले तर सही कोणी मागितलीच नाही. चिठ्ठी घ्या, पेटीत टाका, चला. तिथल्या साहेबाशी भांडले म्हणे, "मी सही शिकून आलोय." आई हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. ती स्वतः कधी शिकली नाही. "ह्येंची हाय की दोघांची मिळून" म्हणायची.

तेव्हापासून आबा सही जपून करतात. पगारपत्रक, माझा शाळेचा दाखला, आईचा मृत्यूचा दाखला. बस.

१३ जुलै, रवि.

जयसिंगपूर. अक्काच्या घरी उतरले, मग बाजारात. व्यापारी लोक भराभर सही करतात, वाचत नाहीत. एकाने निम्मी सही केल्यावर विचारलं, "हे कशाबद्दल आहे?" सांगितल्यावर म्हणाला, "असू दे, असू दे. चांगलंच असणार." याचा आनंद मानायचा की दुःख?

अक्काने सही केली, दाजींनी पण. अक्का म्हणाली, "आबांची घेतलीस?" नाही म्हटल्यावर तिने भुवया वर केल्या. अक्काच्या भुवया आईच्या. आजअखेर २६८.

१७ जुलै, गुरु.

वर्गात राष्ट्रपतीच्या मतांचं गणित घातलं. आमदाराच्या मताची किंमत त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून निघते. मुलींना गणित आवडलं. एकजण म्हणाली, "म्हणजे मोजताना आपण आहोत, विचारताना नाही." मी फळा पुसायला वळले. हे वाक्य मला का सुचलं नाही.

मतदान १६ ऑगस्टला. त्याआधी वही दिल्लीत पोचायची तर महिन्याच्या अखेरीस टपालात पडायला हवी. २९०. शाळा, घर, पाऊस, आबा. होत नाही, काही होत नाही. दिवसाला पाच-सात सह्या म्हणजे हजार व्हायला दिवाळी उजाडेल. बसवत नाही, उठवत नाही.

येताना तालमीच्या वसंताने हटकलं. पलीकडच्या पेठेतल्या तालमीचा तो चिटणीस. सकाळी लाल मातीत, दुपारी सायकलच्या दुकानात, संध्याकाळी गावच्या उचापतीत. "बाई, तुमी कशाला जीव तोडताय? वही दोन दिस हितं ठिवा. समदी पेठ सही करंल की."

विचार करते म्हटलं.

२१ जुलै, सोम.

गाव नुसतं बोलतंय. परवा बँका सरकारच्या झाल्या, आज माणूस चंद्रावर उतरला. दस्तगीरचाचांच्या दुकानात रेडिओभोवती गर्दी. चाचा वह्या-पुस्तकं बांधतात. माझी वहीही त्यांनीच शिवून दिली, कापडी पाठीची. आज पानं वाढवून घ्यायला गेले होते. दाभणाने भोकं पाडता पाडता म्हणाले, "चंद्रावर मानूस पोचला बाई. आपली वही दिल्लीला पोचती का बगू."

त्यांची सही पहिल्याच पानावर आहे, तिसरी. माझी पहिली. दुसरी नववी ब मधल्या त्या हट्टी मुलीच्या वडिलांची.

३३८. वही वसंताकडे दिली.

२४ जुलै, गुरु.

१०१२!

दोनदा मोजलं. वसंता स्वतः आणून देऊन गेला, वर म्हणाला, "आमच्या पेठंनं एकदा शब्द दिला म्हंजे दिला." मी त्याला चहा पाजला, लाडू दिला. गाणं म्हणत भांडी घासली. आबा दारातून बघत होते.

२५ जुलै, शुक्र.

काल उजेडात नीट बघितलं नव्हतं.

तालमीतल्या सगळ्या सह्या एकाच निळ्या शाईच्या. अक्षरं तीन. एकाचा 'ळ' सारखा, एकाचा रफार सारखा तिरका. आणि क्रम घरांचा. घर नंबर एक, त्यातली माणसं, मग घर नंबर दोन. मतदार यादी उतरवली आहे. मागच्या निवडणुकीत वाटलेली यादी तालमीत पडून होती, ती समोर ठेवून पोरांनी दोन दिवसांत पेठ निकालात काढली. सायकल दुकानापलीकडच्या नानांची पण सही आहे. नाना जाऊन वर्ष झालं, मी स्वतः भेटून आले होते.

आमच्या गल्लीचं पान उघडलं नाही. आमची गल्ली त्याच यादीत येते. उघडलं नाही, एवढंच.

खरं लिहायचं तर हे: फाडावं असं लगेच वाटलं नाही. दिल्लीत कोण बघणार आहे, असं वाटलं. हजार तर हजार. हे माझ्याच अक्षरात लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला नाकारता येणार नाही.

२६ जुलै, शनि.

आज टपालात टाकणार होते. टाकली नाही. परत आणली. सोमवारी बघू.

२७ जुलै, रवि.

आबा सकाळी चहाच्या गाड्यावर गेले होते. तिथे वसंता भेटला. मोठ्या कौतुकाने सांगितलं त्याने, "आबा, तुमची बी सही हाय की बाईंच्या वहीत. मी सोता केलीया, झोकात!"

घरी आले ते चपला न काढता आत. "वही आन."

दिली. त्यांनी पानं उलटली, एकेक. बोट थांबलं. कांबळे धोंडीराम लक्ष्मण. समोर फर्राटेदार सही, खाली दोन रेघा ओढलेल्या. आबा आपल्या सहीखाली कधी रेघ ओढत नाहीत.

बोट खाली सरकलं आणि तिथेच राहिलं. कांबळे सोनाबाई धोंडीराम. तिचीही सही, त्याच शाईत.

आई.

मी काहीतरी बोलले. की मला माहीत नव्हतं, की पोरांनी केलं. ते अर्धंच खरं होतं आणि त्यांना ते कळलं.

"तिला सही येत नव्हती," एवढंच म्हणाले. मग वही माझ्याकडे सरकवून, "मला तरी इचारलंस, मी नको म्हनलं. तुला ठावं हुतं. आनि तरी ही वही तीन दिस घरात?"

पिशवीत धोतर, चष्म्याची डबी, तंबाखू. साहेबांच्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले. दुपारच्या गाडीने जयसिंगपूरला अक्काकडे गेले. स्टँडवर सोडायला जाते म्हटलं तर, "वाट ठावी हाय मला."

जेवले नाहीत. मीही.

२९ जुलै, मंगळ.

घर खायला उठतं. आबा बोलके नव्हतेच कधी, पण त्यांच्या खोकण्याला मी इतकी सरावले आहे हे आज कळलं. सकाळी दोन कप चहा टाकला. एक ओतून दिला.

शाळेत मुलींवर उगीच ओरडले.

३० जुलै, बुध.

वसंताला गाठलं. सायकलचं चाक उलटं करून बसला होता. मी चढ्या आवाजात सुरू झाले, दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. तो आधी बावचळला, मग त्यालाही राग आला.

"तुमी म्हनला सह्या पायजेत. दिल्या की! पेठेचा शब्द एक आस्तोय बाई. वस्तादांनी हो म्हनलं म्हंजे समद्यांनी म्हनलं. प्रत्येकाच्या दारात जाऊन इचारत बसलो तर वस्तादांचा मान काय राहिला?"

"आणि मेलेली माणसं? त्यांना पण वस्तादांनी विचारलं?"

"माझा बा बी हाय त्यात." चाक फिरवत म्हणाला. "जिता आस्ता तर तुमच्या वहीत पयली सही त्येनं केली आस्ती. म्हनून घातला."

त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हाच खरा त्रास. फसवलं असतं तर भांडणं सोपं होतं. म्हटलं, माझी आई होती त्यात. त्याचा हात थांबला. "यादीत नाव हुतं बाई. आमाला काय म्हाईत..."

मी इतके दिवस मुलींना फळ्यावर शिकवते आहे, एक माणूस, एक मत. पेठेत तो धडा पोचायला अजून वाट आहे. हुपरीचा सासरा काय, तालमीचे वस्ताद काय. आणि घरात मी काय केलं? मीही आबांची सही झाली तर बरंच, अशीच वागले.

३ ऑगस्ट, रवि.

दस्तगीरचाचांकडे. सगळं सांगितलं. ते ऐकताना सुरीला धार लावत राहिले. मग म्हणाले, "काडायचं नक्की?"

"नक्की."

शिवण उसवली. तालमीची पानं अलग केली, राहिलेली परत शिवली. वही हाताला एकदम हलकी लागली. ३३८. काढलेल्या पानांचं काय करू विचारलं. "रद्दी वाया घालवायची न्हाय आमच्यात. पुठ्ठ्यात घालतो." आणि खरंच, पानं एकावर एक खळीने चिकटवून त्यांचाच नवा पुठ्ठा केला, वर निळं कापड. म्हणजे सगळी पेठ वहीत आहेच, फक्त कव्हराच्या आत.

एक पान तेवढं मी त्यांना दिलं नाही. आमच्या गल्लीचं. ते या रोजनिशीत ठेवलं आहे.

७ ऑगस्ट, गुरु.

वसंता आणि सहा पोरं दारात, ओल्या डोक्यांनी, ओळीत उभी. "खऱ्या सह्या घिऊन आलोय." प्रत्येकाने स्वतः केली. एकाला जोडाक्षर जमेना, मी सांगितलं नाही, त्याचं त्याने जमवलं.

"सातच?" म्हटलं.

वसंता डोकं खाजवत म्हणाला, "बाकीचे म्हनत्यात, आमची सही झालीया की."

हसले मी. कितीतरी दिवसांनी. ३४५.

१० ऑगस्ट, रवि.

जयसिंगपूर. अक्काने दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. आबा मागच्या पडवीत शेंगा सोलत होते. मी खाली बसले, वही पुढे ठेवली. म्हटलं, तुमचं नाव काढलं, आईचं काढलं, पेठेचं सगळं काढलं. माझं चुकलं. कळल्यावर तीन दिवस मी गप्प बसले, हे जास्त चुकलं.

शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "बस. आज तुला सांगतो. त्या दिवशी फोटूकडं बोट दावलं, ते खरं न्हाय. म्हंजे खरं हाय, पर तेवढंच न्हाय."

त्यांचं बोलणं आठवेल तसं लिहिते.

"देशात मानसं किती? त्यात आपली किती? समद्यांनी मिळून एक मानूस निवडायचा म्हनलीस, तर आपला मानूस कदी तरी येईल? ज्या आडावर तुझ्या आयला भांडं बुडवू देत न्हवते, ती मानसं आपल्या मानसाला मत देतील? थोडी मानसं एका खोलीत बसलेली आसली की त्यास्नी बोलता येतं, लाजवता येतं. गर्दीला लाज नस्ती कमल. गिरणीत बगितलंय मी. एकेकटा मानूस माझ्या हातचं पानी प्यायचा. धा जमले की तोच तोंड फिरवायचा."

मी वहीत फक्त हुपरीची सून बघितली होती. आड बघितला नव्हता.

नंतर म्हटलं, "आबा, मग मुलींना काय सांगू? की लोक अजून चांगले झाले नाहीत, म्हणून त्यांना विचारायचं नाही? असं तर आपल्याबद्दलच म्हणत होते सगळे. हे अजून शिकले नाहीत, यांना मत कशाला. तुम्ही तेव्हा पाटीवर नाव गिरवत होता."

आबांनी शेंग फोडली. दाणे किडके निघाले, बाजूला टाकले. "तुझं बी खोटं न्हाय," म्हणाले. "पर माझं बी न्हाय."

घरी चला म्हटलं. "बगू."

सहाची गाडी धरली. अक्काने शेंगा बांधून दिल्या. सगळ्या रस्त्याने मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले. निम्म्या वेळा तेच जिंकले.

१५ ऑगस्ट, शुक्र.

झेंडा. मुलींच्या रिबिनी भिजून लोंबत होत्या. पेपरात रोज तेच चाललंय, खासदार-आमदारांनी आतला आवाज ऐकून मत द्यावं. त्यांना आतला आवाज विचारतात. आमचा बाहेरचासुद्धा कोणी विचारत नाही.

वही वेळेत जाणार नव्हतीच. मग आता घाई कशाची? पुढच्या राष्ट्रपतीसाठी म्हणून धाडू. तरी घाई वाटतेच. पायाला भिंगरी लागल्यासारखं दिवसभर घरात फिरत होते. दोनदा कपाट आवरलं.

१६ ऑगस्ट, शनि.

आज त्यांनी मत दिलं. मी दळण आणलं.

२० ऑगस्ट, बुध.

निकाल. पहिल्या पसंतीत फैसला झाला नाही, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. चाचांच्या रेडिओपुढे ही गर्दी. तालमीसमोर फटाके, पेढे. ज्या पेठेला कोणी मत विचारलं नाही ती पेठ निकालावर नाचत होती. वसंताने माझ्या हातावर पेढा ठेवला. "बाई, आपला मानूस आला!" म्हटलं, आपला कसा? "रेडिओवर मोजनी ऐकून ऐकून आपलाच वाटाय लागला की."

घरी आले तर कट्ट्यावर आबा. पिशवी मांडीवर. किल्ली माझ्याकडे, म्हणून तासभर बाहेरच बसलेले. शेजारणीने चहा दिला होता.

कुलूप काढता काढता पाठीमागून म्हणाले, "तिचं नाव यादीत ऱ्हायलं ते माझ्यामुळं."

मी वळले नाही.

"यादीवाला आलता. तिला जाऊन दोन म्हैने झालते. घरात कोन कोन, म्हनला. मी म्हनलं, मी, पोरगी आनि बायको. खोटंच. त्यानं लिवलं. तेवढाच एक कागद हुता, ज्यात ती जिती हुती."

मग आत आले, तंबाखूची डबी कोनाड्यात परत ठेवली, आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. आमटी सकाळची होती, त्यांनी झाकण काढून चाखली होती. मला इतकं बरं वाटलं, की भांडं घेऊन मोरीत जाऊन उभी राहिले.

२१ ऑगस्ट, गुरु.

रोजनिशीतलं ते पान त्यांना दिलं. बराच वेळ बघितलं. फाडतील वाटलं. फाडलं नाही. ट्रंकेत, मृत्यूच्या दाखल्याशेजारी ठेवलं.

"अक्षर चांगलं हाय त्या वसंताचं," म्हणाले.

२३ ऑगस्ट, शनि.

दुपारी शाळेतून आले. आबा वही पुढ्यात घेऊन बसलेले, चष्मा लावून. निळं कापड हाताने चाचपत होते. "पेन दे. शाईचं."

दिलं. वाटलं, झालं, करणार.

शेवटच्या सहीखाली पट्टी ठेवून त्यांनी लिहायला घेतलं. एकेक अक्षर, मध्ये थांबून. पाऊण तास तरी लागला. मी चूल पेटवायचं सोडून बघत होते. मान लांब करून वाचलं:

'वरील मागणीला माझा विरोध आहे. धोंडीराम लक्ष्मण कांबळे, गिरणी कामगार, निवृत्त.'

आणि सही. रेघ नाही.

"लंबर घाल," म्हणाले.

"आबा, ही मागणीची वही आहे. यात विरोध कसा..."

"इचारलं न्हवंस तवा माझी सही हुती. आता इचारलंस तर नको? लंबर घाल."

मी घातला. ३४६.

वही फुंकून वाळवली, माझ्या हातात दिली. "आता माझी हाय. धाड दिल्लीला." आणि हात धुवायला गेले. शाई बोटाला लागली होती, साबण लावून लावून धुतली.

आता बसले आहे वही घेऊन. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे, 'आम्ही खाली सह्या करणारे सर्व नागरिक अशी मागणी करतो की'. ते तसं ठेवून धाडलं तर खोटं. ते पान बदललं तर बाकीच्या ३४५ जणांनी ज्याच्याखाली सही केली ते हे नव्हे. पुन्हा हुपरी, पुन्हा जयसिंगपूर, पुन्हा दारोदार. आबांचं पान काढलं तर... चाचा शिवण उसवून देतील, विचारणारही नाहीत. ते मी करणार नाही. एवढं एकच ठरलं आहे.

नाराज आहे का मी? आहे. एवढ्या महिन्यांच्या वहीत सगळ्यात नीट वाचून केलेली सही ही एकच, आणि ती माझ्याविरुद्ध.

आबांनी आतून विचारलं, "धाडलीस?"

म्हटलं, "उद्या रविवार. पोस्ट बंद."

"सोमवारी उघडतं की," म्हणाले.